सरितावहिनींच्या भिंतीवरचं कृष्णविवर

आमच्या गावाला 'नाही' म्हणता येत नाही. मी चंद्रकुमार, इथला ऑनलाइन सेवा केंद्रवाला. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, म्हाताऱ्यांचे न उमटणारे अंगठे, सगळं माझ्याच ओसरीवर चालतं, म्हणून गावाचा स्वभाव मला जरा जवळून कळतो. जेवायला बोलावलं तर 'येतो ना' म्हणतील आणि फिरकणार नाहीत. स्थळ सांगितलं तर 'पाहू ना' म्हणतील आणि विसरून जातील. मरणाच्या घरी तर रिवाजच आहे. तिथे पुढे आलेला चहा प्यावाच लागतो, आणि म्हातारी म्हणाली की माझा लेक देवमाणूस होता, तर तो देवमाणूसच. मग त्याने आयुष्यभर बायकोला बडवलं असलं तरी. दुःखाच्या उंबऱ्याआत नकार न्यायचा नाही. पूर्वी मला हा रिवाज मोठा मायेचा वाटायचा. आता मला त्याचा राग येतो, आणि तो का येतो हे सांगायचं तर सरितावहिनींबद्दल सांगावं लागेल.

वहिनी मूळच्या लाखनीच्या. त्यांच्या वडिलांचं हायवेवर पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. लग्न होऊन कोंढ्याच्या अलीकडे आमच्या गावात आल्या तेव्हा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, कशी करतात हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी त्या बांधीतल्या चिखलात उभ्या राहून रडल्या. त्यांच्या मोठ्या जाऊ गोदावरीबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रडून कायले राहिली? ओळ वाकडी आली. उपट अन् पुन्हा लाव." वहिनींनी ती ओळ उपटली आणि पुन्हा लावली. तो किस्सा त्या पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगायच्या.

दोघी जावांची घरं एका भिंतीला लागून, मध्ये ये-जा करायला एक कवाड. गोदावरीबाईंचा नवरा लवकर गेला, पोटी लेकरू नाही. वहिनींना आणि त्यांचे यजमान श्रावणभाऊंना एकच मुलगी झाली, मेघा. ती अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे वाढली. गोदावरीबाईंना ती 'मोठी माय' म्हणायची. ती चालायला लागली आणि तिचे हातपाय सुजायला लागले, थंडी पडली की ती हाडं धरून ओरडायची. भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि कळलं की पोरीला सिकलसेल आहे. आईकडून अर्धा दोष आला, बापाकडून अर्धा, आणि पोरीच्या वाट्याला पूर्ण आजार आला. आमच्या भागात हा आजार नवा नाही. नवं काही असेल तर ते तोंडाने कबूल करणारं माणूस.

तेव्हापासून वहिनींना दोन कामं झाली, मेघाला सांभाळणं आणि मेघाचा आजार लपवणं. दोन्ही कामं त्यांनी जीव ओतून केली. रोवण्याच्या दिवसांत पोरीला पाण्यात उतरू दिलं नाही, हिवाळ्यात चूल विझू दिली नाही, आणि कोणी विचारलं तर "वात आहे", "कमजोरी आहे", "अभ्यास लई करते म्हणून" अशी उत्तरं तयार ठेवली. सगळं गाव मान डोलवायचं. सगळ्या गावाला खरं माहीत होतं. असं हे वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

मेघा बीएस्सी झाली तेव्हा तिला पाहायला पाहुणे आले. पोह्यांच्या बशा हातात होत्या, मुलाकडचे खूश होते, तेवढ्यात मधल्या कवाडातून गोदावरीबाई आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "पोरीले सिकल आहे. पोराचं रक्त तपासून आणा, मंग पोहे खा." पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. जाताना त्यांनीही 'कळवतो ना' असंच म्हटलं.

त्या संध्याकाळी वहिनी अंगणात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आजपासून तू मले मेली, बाई!" दुसऱ्या दिवशी श्रावणभाऊंनी मधलं कवाड काढून तिथे विटा रचल्या. मला विचाराल तर गोदावरीबाई बरोबर होत्या आणि तरीही त्या वेळी मला त्यांचा संताप आला होता. सांगायची काही रीत असते की नाही? चार लोकांसमोर, पोरगी ट्रे घेऊन उभी असताना?

मेघा मात्र रडली नाही. ती नागपूरला एमएस्सीला गेली आणि तिथून पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत पीएचडीला लागली. विषय होता महाकाय कृष्णविवरं. गावात ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी श्रावणभाऊंना विचारलं की पोरगी नेमकं काय शिकून राहिली, तर ते म्हणायचे, "आभायातले भोकं." लोक म्हणायचे, "हो का, चांगलं आहे ना."

दिवाळीला घरी आली की ती माझ्या ओसरीवर येऊन बसायची, कारण गावात नीट चालणारा वायफाय माझ्याकडेच. एकदा मी तिला म्हटलं, मेघा, आम्हालाही समजेल असं सांग.

"काका, मोठ्या आकाशगंगेच्या मधात एक राक्षस बसला असते," ती म्हणाली. "लाखो-करोडो सूर्य एकात दाबले तर जेवढं वजन होईन तेवढा जड. थो स्वतः दिसत नाही. पण आजूबाजूचा वायू खायला लागला का दोन्ही बाजूंनी फवारे सुटतात, लाखो प्रकाशवर्षं दूर जातात. त्या फवाऱ्यांचे ढग आपल्या रेडिओ दुर्बिणीत दिसतात. एक इकडं, एक तिकडं, अशी जोडी."

"अन् खाणं संपलं तर?"

"तर फवारे बंद. ढग हळूहळू विझत जातात. तुसाच्या ढिगाची आग वरून विझली तरी आतून गरम राह्यते ना, तसे. मंग कधी त्याले पुन्हा भूक लागते, अन् नवी जोडी निघते. नवी जोडी चमकते. जुनी बाहेर विझून राहिली असते, लई फिकी. थी जुनी जोडी सापडली तर समजते का राक्षस किती काळ उपाशी होता."

तिला अशीच एक सापडली होती, किंवा तिला तसं वाटत होतं. राखाडी कागदावर पांढरे ठिपके असलेलं एक चित्र तिने माझ्याकडून छापून घेतलं. मध्यावर दोन चमकते ढग मलाही दिसले. त्याच्या बाहेर काही असेल तर मला ते दिसलं नाही, आणि मी म्हटलं, "हो, काहीतरी आहे बा." मी याच गावचा आहे.

मेघाने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. म्हणाली, "म्हणूनच आमची मॅडम माणसाच्या तोंडावर विश्वास नाही ठेवत."

ही मॅडम म्हणजे रीता मॅडम, तिची गाईड. त्यांनी एक मोबाइलचं ॲप केलं होतं. दुर्बिणीची हजारो चित्रं, आणि देशभरातली साधी माणसं ती पाहणार, शिक्षक, दुकानदार, घरच्या बाया, कोणीही. चित्राला नाव नाही, गाव नाही. बाहेरची जुनी जोडी दिसली तर 'दिसते' दाबायचं आणि जिथे दिसते तिथे बोट टेकवायचं. दिसली नाही तर 'दिसत नाही'. पुरेशा माणसांना, एकमेकांना न विचारता, तीच गोष्ट त्याच जागी दिसली तर ते चित्र पुढच्या यादीत जाणार आणि दुर्बीण त्या जागेकडे पुन्हा वळवून जास्त वेळ रोखली जाणार. मेघाच्या चित्रालाही याच चाळणीतून जायचं होतं. आपल्या विद्यार्थिनीला वेगळा रस्ता द्यायचा नाही असं मॅडमचं म्हणणं. ॲपचं मराठी मेघानेच केलं आणि त्या दिवाळीत गावातल्या बऱ्याच बायांच्या मोबाइलमध्ये ते टाकूनही दिलं. "एकट्यानं पाह्यजा. कोणाले विचारू नका," असं प्रत्येकीला बजावलं. बायांनी सांगितलं, "हो ना."

त्याच हिवाळ्यात पुण्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. सिकलवाल्यांचं असं दुखणं फुप्फुसात उतरलं की वेळ देत नाही. तिला नागपूरला आणलं. वहिनी उशाशी बसून राहिल्या, श्रावणभाऊ रक्तासाठी पळत राहिले, आणि पोरगी गेली. वय सव्वीस.

मातीला सगळं गाव आलं. गोदावरीबाई आल्या नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या, मी पाहिलं, आणि तिथून परत फिरल्या. त्यांनी आपल्या घरात एकटीने सुतक पाळलं, चुलीवर फोडणी दिली नाही. पण भिंतीच्या या बाजूला त्या आल्या नाहीत आणि वहिनींनी बोलावलंही नाही. लोक काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही.

मेघाच्या सामानात ते चित्र निघालं. श्रावणभाऊंनी पवनीला नेऊन त्याला फ्रेम करून आणली आणि मेघाच्या हार घातलेल्या फोटोशेजारी टांगलं. तेरवीपर्यंत आणि नंतरही भेटायला जी जी बाई आली तिला वहिनी त्या चित्रापुढे नेत. "हे माझ्या पोरीनं शोधलं," म्हणत. "पाहा, हे चमकते थे नवीन. अन् बाहेर हे, इकडं एक अन् इकडं एक, हे जुनं. दिसते ना?" आणि चमकत्या ढगांच्या सरळ रेषेत, जरा लांब, दोन्हीकडे बोट टेकवत. बाया पदराने डोळे पुसत आणि म्हणत, "दिसते ना, माय. साफ दिसते."

पुढच्या पावसाळ्यात रोवणा आटोपल्यावर वहिनींनी मनावर घेतलं. मेघाचं चित्र यादीत जायचं असेल तर माणसांचे कौल हवेत एवढं त्यांना कळलं होतं. रीता मॅडमनी फोनवर सांगितलं होतं की चित्र पुढे गेलं आणि दुर्बिणीने ते खरं ठरवलं, तर जो शोधनिबंध निघेल त्यावर मेघाचं नाव पहिलं राहील. नाव. वहिनींना तेवढंच हवं होतं. लेक गेली, तिचं लग्न झालं नाही, लेकरू झालं नाही, पदवी हातात पडली नाही. जगात कुठेतरी तिचं नाव छापलेलं राहावं एवढी एकच गोष्ट त्या बाईने मागितली होती, आणि माझ्या ओसरीवर रोज दुपारी बायांचा घोळका जमू लागला.

केशरबाई, निर्मलाबाई, आणखी कोण कोण, पाय पसरून, मोबाइल मांडीवर. मध्ये वहिनी. विश्वाचा एवढा पसारा आणि तो उतरून यायचा तो माझ्या वायफायवर, त्यातही कोणाचा तरी नातू त्याच वेळी गेम खेळत असायचा. चित्र आलं की बाया विचारायच्या, "सरिता, ह्याच्यात आहे का वं?" वहिनी बघून म्हणायच्या, "आहे वाटते." मग सगळ्या 'दिसते' दाबायच्या आणि वहिनी दाखवतील तिथे बोट टेकवायच्या. मी एकदा रागाने म्हटलं, अहो, एकट्यानं पाहायचं आहे, हे काय भजनी मंडळ आहे का? निर्मलाबाई माझ्याकडे वळल्या.

"चंद्रकुमारभाऊ, तुमच्या घरची पोरगी असती अन् आमी 'दिसत नाही' म्हटलं असतं, तं तुमाले कसं वाटलं असतं?"

मी एका पोराचा जातीचा दाखला काढायला घेतला.

आणि मग एका दुपारी केशरबाई ओरडल्या, "आलं! सरिताच्या भिंतीवरचं आलं!" भिंतीवरच्या चित्रासारखंच हुबेहूब चित्र त्यांच्या मोबाइलवर उघडलं होतं. थोड्या थोड्या दिवसांनी ते एकेकीकडे येत गेलं. ज्या चित्रापुढे उभं राहून डोळे पुसले, ज्याच्या शेजारी पोरीच्या गळ्यात हार आहे, त्याला 'दिसत नाही' म्हणायचं कोणाच्या बोटाला सुचलं असतं? सगळ्यांनी 'दिसते' दाबलं. सगळ्यांनी त्याच दोन जागी बोट टेकवलं. त्या दिवसांत वहिनी जरा जेवायला लागल्या होत्या.

दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून वहिनींच्या नावाने ईमेल आला. इंग्रजीत होता, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी आधी मनात वाचला. लिहिलं होतं की आमच्या गावातून आलेले कौल तपासणीत टिकले नाहीत. मधूनमधून मुद्दाम कोरी चित्रं घातलेली असतात, ज्यांत काहीच नसतं. त्यांवरही आमच्या गावाने एकमुखाने 'दिसते' म्हटलं होतं. एक सोडून सगळ्यांचे कौल बाद. त्यामुळे त्या चित्राचे बाकी देशातले कौल कमी पडले आणि ते यादीत जात नाही.

"काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, "थांबवलं आहे म्हणतात. सध्यापुरतं."

आयुष्यभर ज्या बाईने अशी उत्तरं तयार केली तिला ती ओळखता येणार नाहीत का? "मॅडमले फोन लावा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर लावा."

लावला. स्पीकरवर ठेवला. रीता मॅडम सगळं पुन्हा, मराठीत, सावकाश बोलल्या. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न करत होत्या.

"तुम्हीच पाहा ना मॅडम," वहिनी म्हणाल्या. "तुमाले तं दिसते?"

"मला ते दिसावंसं वाटतं, ताई. म्हणून मी माझाही कौल धरलेला नाही."

"मंग आमी पुन्हा दाबतो. एकएकटे बसून. देवाची शपथ."

"आता नाही चालणार. ते चित्र तुमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. आणि ताई, आणखी एक आहे. तुमच्या गावच्या सगळ्यांनी खुणा एकाच जागी केल्यात, चमकत्या ढगांच्या सरळ रेषेत. मेघाची खूण तिथे नव्हतीच. तिचं म्हणणंच ते होतं, की जुनी जोडी तिरकी आहे. मधल्या उपासाच्या काळात कृष्णविवर वळलं, बहुतेक दुसरं एखादं येऊन त्यात मिसळलं म्हणून. तेच तर नवीन होतं त्यात. तुम्ही दाखवता तिथे काहीच नाही."

मला वाटलं वहिनी आता ओरडतील. त्यांचा चेहरा मात्र एखाद्याची चोरी पकडली जावी तसा झाला. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "तिची खूण कुठं होती थे धाडता का?"

चित्र आलं. मेघाने स्वतः काढलेली दोन लाल वर्तुळं, चमकत्या जोडीच्या रेषेबाहेर, तिरकी. मी मोठ्या कागदावर छापून दिलं. वहिनी ते दाराच्या उजेडात घेऊन गेल्या. कागद डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, तिरपा केला. मग त्या म्हणाल्या, "एक सोडून सगळे बाद. थो एक कोण?"

नाव मॅडमनी सांगितलं नव्हतं. पण माझ्या ओसरीवर न बसणारी, आणि मेघाने जिच्या मोबाइलमध्ये हे ॲप टाकलं असेल अशी बाई गावात एकच होती. वहिनींनाही ते कळलं. "चला माझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "मी एकटी नाही जाऊ शकत."

कवाड विटांनी बुजलेलं, म्हणून आम्ही गल्लीला वळसा घालून गेलो. गोदावरीबाई अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. जावेला पाहून त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "बस." वहिनी उभ्याच राहिल्या.

"बाई, तुमी थे मोबाइलातले फोटो पाह्यले?"

"पाह्यते. रोज."

"कोणी सांगितलं?"

"मेघानं. दिवाळीत आली होती मांगच्या दारानं. तुले मालूम नाही." त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हणे, मोठी माय, मले सारे हो म्हणतात. आई तं म्हणनच. मले नाही म्हणणारं एक माणूस पाहिजे. तुले दिसन थेच दाब. म्हणून दाबते."

वहिनींनी हातातला कागद पुढे केला. "हा फोटो आला होता?"

"आला असन."

"काय दाबलं?"

"ध्यानात नाही. लई येतात." गोदावरीबाईंनी वहिनींच्या घरच्या भिंतीवरचं चित्र कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्यासाठी ते हजारातलं एक होतं.

"आता पाहा," वहिनी म्हणाल्या. "हे मेघाचं आहे. ह्या लाल गोलात तिले दिसलं होतं. तुमी पाहा, बाई. तुमी खोटं नाही बोलत."

गोदावरीबाईंनी चष्मा लावला. कागद मांडीवर घेतला आणि वाकल्या. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा ना बाई 'हो', एकदा म्हणा, तुमचं काय जातं? मेघाला तुम्हीही अंगाखांद्यावर खेळवलं. त्यांचं बोट एका वर्तुळावर फिरलं, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. चष्म्याच्या काचेवर पाणी पडलं ते त्यांनी पुसलं आणि पुन्हा वाकल्या. हो म्हणायची त्यांनाही केवढी इच्छा होती ते मला दिसत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही दिसत, सरिता. लई पाह्यलं."

वहिनी खाली बसल्या. मला वाटलं आता पुन्हा तेच, आता पुन्हा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल. पण त्यांचा आवाज अगदी बारीक निघाला.

"मलेही नाही दिसत, बाई. कधीच नाही दिसलं."

"मंग साऱ्या गावाले बोट टेकवून कायले दाखवत होती?"

"कुठंतरी टेकवावं लागते ना."

वहिनींनी तो कागद त्यांच्या मांडीवरून उचलला, घडी घालायला गेल्या, आणि घातली नाही.

"दवाखान्यात होती ना, नागपूरले," त्या म्हणाल्या. "नळ्या लावल्या होत्या. हा फोटो उशाखालून काढला तिनं. 'आई, तुले दिसते का?' म्हणे. मी म्हटलं, दिसते ना बेटा, साफ दिसते. अन् असं बोट ठेवलं, इकडं अन् इकडं." रिकाम्या हवेत त्यांनी दोन जागी बोट टेकवलं, सरळ रेषेत. "तिनं माझं बोट धरलं. 'तिथं नाही, आई,' म्हणे."

"मंग?"

"मंग तिनं डोळे मिटले. मी म्हटलं, हो हो, समजलं. कुठं आहे म्हणून मी विचारलंच नाही, बाई."